जमीन तपासा

मिस्त्रीला आयुष्यात कशाची भीती वाटत असेल, तर ती निवड करण्याची. काम सांगा, खाणीतल्या मशीनचं इंजिन दुपारपर्यंत नटबोल्टांसकट फरशीवर मांडून ठेवील आणि दुसऱ्या दिवशी जोडून चालू करून देईल. पण दुकानात नेऊन दोन शर्टांतला एक उचला म्हणा, की गडी घामाघूम. हा उचलणार, तो ठेवणार, परत हा उजेडात धरून बघणार, आणि शेवटी एकही न घेता बाहेर येऊन म्हणणार, "जुना आहे की अजून चांगला." त्याची बायको येईल त्याला सांगायची, "माझं नशीब, लग्नाच्या वेळी यांच्यापुढे मी एकटीच होते. दोघी असत्या तर हे अजून विचारच करत बसले असते."

तर अशा माणसापुढे एका सोमवारी सकाळी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, एक सोडून तीन सॉफ्टवेअर येऊन बसली.

आता मिस्त्रीचं आणि सॉफ्टवेअरचं काय काम, असं कोणी विचारील. हल्लीच्या खोदाईच्या मशीनला पोटात कॉम्प्युटर असतो. कुठे काही बिनसलं की तो आपला गुपचूप कोड लिहून ठेवतो. सीटखालच्या सॉकेटला वायर जोडायची, वायरीचं दुसरं टोक लॅपटॉपला लावायचं, आणि ते कोड वाचायचे. वाचणारं अस्सल सॉफ्टवेअर कंपनीकडे असतं आणि कंपनी ते बाहेरच्या मिस्त्रीला देत नाही. का म्हणून देईल? मग बाहेरच्या मिस्त्रीने बाहेरचंच घ्यायचं. बाहेरची तर पैशाला पासरी. त्यातलं कामाचं कुठलं आणि नुसतं चकचकीत कुठलं, हे देवालाच ठाऊक.

पस्तीस वर्षं मिस्त्रीने हे झंझट टाळलं होतं. चालू इंजिनावर लांब स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. मग डोळे उघडून म्हणायचं, "तिसऱ्या सिलिंडरला त्रास आहे." खोलून बघावं तर तिसराच निघायचा. खाणीतले लोक त्याला तोंडावर मिस्त्री आणि मागे 'कानवाला' म्हणायचे, आणि त्याला ते ठाऊक होतं, आवडतही होतं. या खेपेला मात्र टाळता येणार नव्हतं, कारण गोष्ट साडूच्या नोकरीवर आली होती.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. दगडखाणीत बावीस वर्षं मशीन चालवत होता. अबोल माणूस, मान खाली घालून काम करणारा. गेले काही दिवस त्याचं मशीन चालता चालता बंद पडत होतं. वर दगडाने भरलेलं बकेट, खाली ट्रक, आणि मधेच सगळं गप्प. दहा मिनिटांनी किल्ली फिरवली की पुन्हा चालू, जसं काही झालंच नाही. एकदा तर बकेट ट्रकवर असतानाच इंजिन गेलं आणि ट्रक ड्रायव्हर उडी मारून पळाला. त्यानंतर खाणीच्या साहेबांनी साडूला घरी बसवलं.

"मशीन आपोआप बंद पडत नसतं," साहेब मिस्त्रीला म्हणाले होते. "बंद करणारा कोणीतरी असतो. शनिवारी दुपारपर्यंत मला लेखी द्या. दोष मशीनचा असेल तर हा सोमवारी कामावर. याचा असेल तर मग मला इथे नको हा माणूस."

"मी ऐकलंय इंजिन, साहेब. आवाज चोख आहे."

"कॉम्प्युटरवरून काढून द्या. तुमच्या कानाचं नको."

ते वाक्य मिस्त्रीच्या जिव्हारी लागलं. पण कान खरोखरच काही सांगत नव्हता. इंजिन चोख आणि तरी बंद पडतं, हे त्याच्या डोक्यात बसतच नव्हतं. कंपनीचा माणूस यायला तीन आठवडे लागणार होते, आणि साहेब तेवढं थांबणाऱ्यातले नव्हते.

बायको पूर्वी एका ऑफिसात टायपिंग करायची, त्यामुळे घरातला लॅपटॉप तिचा आणि इंग्रजीही तिचंच. बाहेरच्या सॉफ्टवेअरवाल्या कंपन्या आठवडाभर फुकट वापरून बघायला देतात, हे तिने शोधून काढलं. इथपर्यंत ठीक होतं. पण तिने एकदम तीन मागवली, आणि इथे तिचं चुकलं. नवऱ्याबरोबर इतकी वर्षं काढून तिला एवढं कळायला हवं होतं.

मग फोन सुरू झाले. फोन स्पीकरवर टाकून टेबलाच्या मधोमध ठेवला.

"आमचं सगळ्या कंपन्यांच्या सगळ्या मशीनला चालतं," पहिला विकणारा म्हणाला.

"बरं. पण आत किती जातं?" मिस्त्रीने विचारलं.

"सगळीकडे जातं."

"सगळीकडे जातं म्हणजे आत जात नाही."

"तसं नाही ना साहेब, जातं."

"मग सगळीकडे जात नसेल."

बायकोने कपाळाला हात लावला. दुसऱ्याचं सॉफ्टवेअर एकाच कंपनीच्या मशीनला चालायचं, पण पार आतपर्यंत. कुठल्या मॉडेलला, असं विचारल्यावर तो म्हणाला, "ते मॉडेलवर आहे." मिस्त्रीने फोनकडे असं बघितलं, की त्यात कुठे स्क्रू असता तर त्याने तो खोललाच असता. तिसरी एक बाई होती. गोड आवाजात म्हणाली, "काका, आमचं पूर्ण मराठीतून आहे."

मिस्त्री खुर्चीत सरळ बसला. इंग्रजीशी त्याचं कधी जमलंच नाही. पंप, गिअर, बूम, बकेट हे शब्द इंग्रजी आहेत, हेसुद्धा त्याला मोठेपणी कोणीतरी सांगितलेलं. हे सगळे त्याच्या दृष्टीने मराठीच. पण इंग्रजीतलं अख्खं वाक्य समोर आलं की तो बायकोकडे बघायचा, आणि बायकोकडे बघावं लागतं म्हणून मनातल्या मनात चिडायचा.

बायकोने एका कागदावर तीन रकाने आखले. गुण असेल तर अधिक, अवगुण असेल तर उणे. मिस्त्री विचार करून सांगत होता, ती लिहीत होती. मग तो म्हणायचा, "पण दुसऱ्या अंगाने बघितलं तर," आणि ती खोडायची. मंगळवारी संध्याकाळी तिन्ही रकान्यांत नऊ-नऊ अधिक झाले होते.

"अहो, हा काय कागद म्हणायचा?"

"मी म्हटलं का रकाने आखायला?"

बुधवारी दोघं खाणीवर गेली. मशीन खाणीच्या तळाला एकटंच उभं होतं. मिस्त्रीने सीटखाली हात घालून वायर जोडली आणि बायको ऑपरेटरच्या खुर्चीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली.

पहिल्या सॉफ्टवेअरने अकरा कोड दाखवले. नुसते आकडे, पुढे अक्षर नाही. तिने एकेक आकडा त्याच्या यादीत शोधला. तेलाचा दाब, पाण्याचं तापमान, डिझेलची पातळी, आणखी काय काय. एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. "अकरा जण एकदम कसे आजारी पडतील?" मिस्त्री म्हणाला. दुसऱ्या सॉफ्टवेअरने बराच वेळ गोल गोल फिरून एकच उत्तर दिलं, मुख्य कॉम्प्युटर बदला. कॉम्प्युटरनेच कॉम्प्युटर बदला म्हणावं, हे मिस्त्रीला संशयास्पद वाटलं. मग तिसरं उघडलं, मराठीवालं.

बायको मोठ्याने वाचायला लागली. "भरभराट वर, ठीक. भरभराट खाली, ठीक."

"काय?"

"बादली कुरळी, ठीक. वैमानिकाचा दाब, ठीक."

"हे काय विमान आहे का?" मिस्त्री ओरडला. "भरभराट कसली? कोणाची भरभराट?"

तिला हसू आवरेना. "अहो, बूम! मशीनचा हा लांब हात नाही का, बूम. इंग्रजीत बूम म्हणजे भरभराटसुद्धा होते. कोणीतरी डिक्शनरी उघडून शब्दाला शब्द लावलाय. बादली म्हणजे तुमचं बकेट, वैमानिक म्हणजे तुमचा तो पायलट पंप." मग डोळे पुसत तिने पान खाली सरकवलं आणि तिचं हसू थांबलं. सगळ्यात शेवटी, लाल अक्षरांत, एक ओळ होती. 'जमीन कमकुवत आहे. जमीन तपासा.'

आता गंमत बघा. भरभराट आणि वैमानिक हास्यास्पद होते, म्हणून त्यांच्यावर दोघांनी लगेच शंका घेतली. ही ओळ साधी सरळ मराठी होती, कोणाच्याही तोंडी शोभेल अशी, म्हणून हिच्यावर कोणीच घेतली नाही. मिस्त्री खाली उतरला, व्हॅनमधून पहार काढली आणि मशीनच्या भोवतीची जमीन ठोकून बघायला लागला. ठण. ठण. हात झिणझिणले. सगळा कातळ. त्याने मशीनच्या चाकांवरच्या लोखंडी पट्ट्याच्या खाली वाकून बघितलं, मागे जाऊन बघितलं, पाय आपटून बघितलं. पुन्हा एकदा पहार घातली, तर तिचंच टोक बोथटलं.

हे सगळं साहेब लांबून बघत होते. ते जवळ आले.

"काय चाललंय, मिस्त्री?"

मिस्त्रीला खोटं बोलता यायचं नाही, आणि वेळेवर गप्प बसायलाही जमायचं नाही. "कॉम्प्युटर म्हणतोय जमीन कमकुवत आहे," तो बोलून गेला.

साहेबांनी केबिनमध्ये डोकं घालून स्वतः वाचलं. "घ्या! मी काय म्हणत होतो? हा माणूस मशीन भलत्या जागी घालतो. मऊ जागेवर मशीन कललं की बंद पडणारच."

"पण साहेब, खाली तर कातळ आहे."

"आत्ता कातळावर आहे. तो कुठे घालत होता?"

साहेब जाता जाता म्हणाले, "छान. हेच छापून द्या शनिवारी." बायको खुर्चीतून खाली उतरली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. व्हॅनमध्ये बसल्यावर ती एवढंच म्हणाली, "तुम्हाला काय गरज होती सांगायची?" मिस्त्रीने व्हॅन चालू केली.

गुरुवारी तो साडूकडे गेला. दोन खोल्यांचं घर, दार उघडंच. साडू कॉटच्या कडेला बसला होता, अंगात कामावरचाच शर्ट. मेहुणीने चहा आणून दिला आणि ती दारातच उभी राहिली. मिस्त्रीने कप हातात घेतला, बशीत ठेवला, परत घेतला.

"साडूभाऊ, खरं सांगा. मशीन कुठे भुसभुशीत जागेवर घातलं होतंत का?"

"नाही."

"नाही म्हणजे अगदी नाही?"

साडूने जरा विचार केला. "नसेल घातलं."

"रागावू नका. कॉम्प्युटर तसं म्हणतोय म्हणून विचारलं."

"कॉम्प्युटर म्हणतोय?" साडूने मेहुणीकडे बघितलं. मग मिस्त्री निघाला तेव्हा तो दारापर्यंत आला आणि हळू आवाजात म्हणाला, "खाणीच्या मागच्या अंगाला मातीचा भराव घातलाय. तिथून एकदा मशीन वळवलं होतं. आता तुम्ही विचारताय तर..." मिस्त्री घरी आला तो जाताना होता त्यापेक्षा जास्त गोंधळून. साडू खोटं बोलणारा नाही, हे त्याला माहीत होतं. मग तो 'नाही'वरून 'नसेल'वर का आला? आणि खरंच तसं झालं असेल तर? मशीन कललं म्हणून इंजिन बंद पडेल का? पडू शकतं म्हणा, तेल एका बाजूला गेलं तर. पण मग दहा मिनिटांनी चालू कसं होतं? आणि एकदाच भरावावर गेलेलं मशीन कातळावर का बंद पडतं? डोक्याचा पार भुगा झाला.

शुक्रवारी सकाळी तो एकटाच पुन्हा खाणीवर गेला, तिन्ही सॉफ्टवेअर पुन्हा लावली. एक आकडे देत होतं, एक कॉम्प्युटर बदल म्हणत होतं, एक जमीन तपास म्हणत होतं. तिन्ही आपापल्या मतावर ठाम. दुपारी घरी आल्यावर बायकोने लॅपटॉप त्याच्याकडून घेऊन टेबलावर उघडला. साहेबांना द्यायचा कागद तिने टाइप करायला घेतला. वर तारीख, मशीनचा नंबर, आणि खाली 'जमीन कमकुवत आहे' एवढं लिहून हात थांबला.

"मी नाही लिहिणार पुढे," ती म्हणाली. "माझ्या बहिणीच्या नवऱ्याला माझ्याच हाताने घरी बसवू? सकाळी तिचा फोन आला होता. रडत होती. म्हणे हे जेवतच नाहीत."

"मग काय लिहिणार? तिघांतल्या एकाचं तरी लिहावं लागेल ना!"

"तुम्ही ठरवा. तुम्ही मिस्त्री आहात. मला एवढंच सांगा, या वाक्याला काही अर्थ तरी आहे का?"

"अर्थ नाही!" मिस्त्रीने टेबलावर हात आपटला. चार दिवसांचं सगळं बाहेर पडलं. "काही अर्थ नाही त्याला! खाली कातळ, आवाज चोख, अकरा ठिकाणी बिघाड, आणि म्हणे जमीन! कधीपासून तेच तर सांगतोय, अर्थ नाही, अर्थच नाही..."

आणि तो थांबला. तोंड उघडंच राहिलं.

"अहो, काय झालं? बरं वाटत नाही का?"

"अर्थच नाही," मिस्त्री हळूच म्हणाला.

मिस्त्रीच्या शेडमध्ये या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. बॅटरीपासून एक जाड वायर निघते आणि मशीनच्या लोखंडी सांगाड्याला बोल्टने जोडलेली असते. तिला म्हणतात अर्थ. ती नीट बसली नसेल तर वीज परत फिरायला वाट राहत नाही, आणि मशीन वेड्यासारखं वागतं. दिव्यांपासून स्टार्टरपर्यंत काहीही बिघडलं की मिस्त्री पहिला प्रश्न हाच विचारायचा, "अर्थ बघितला का?" या खेपेला तेवढंच त्याने बघितलं नव्हतं, कारण कॉम्प्युटरचा मामला इतका साधा असेल असं त्याला वाटलंच नाही.

"इंग्रजीत अर्थला काय म्हणतात?" त्याने विचारलं.

"कुठल्या अर्थला?"

"अगं, वायरीच्या!"

"अर्थच म्हणतात. तो इंग्रजीच शब्द आहे. अर्थ म्हणजे पृथ्वी."

"आणखी काय म्हणतात?"

ती आठवायला लागली. "कुठे कुठे ग्राउंडही लिहितात."

"आणि ग्राउंड म्हणजे?"

बायकोने चष्मा काढला. "जमीन," ती म्हणाली.

मग मिस्त्री खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "म्हणून अकरा. अकरा जण एकदम आजारी नसतात गं. अकरा जणांची खाट एकच असते आणि तिचा पाय मोडलेला असतो." त्याला इतका आनंद झाला की बायकोला म्हणाला, आत्ताच्या आत्ता बहिणीला फोन लाव. ती म्हणाली, "आधी बघून या. तुमचा भरवसा नाही." तिचंही खरं होतं.

शनिवारी सकाळी साहेब यायच्या आत दोघं खाणीवर पोचली. केबिनच्या मागचा पत्रा खोलला की अर्थचा बोल्ट दिसतो. मिस्त्रीने पाना लावला. बोल्ट घट्ट होता. अगदी घट्ट. वायर नवीकोरी, गंज नावाला नाही. म्हणजे हेही चुकलं? त्याने पुन्हा ओढून बघितलं. मग काहीतरी करायचं म्हणून बोल्ट काढला, वायरीचं टोक बाजूला केलं, आणि खालचं लोखंड बघितलं.

लोखंड दिसतच नव्हतं. वायरीच्या टोकाखाली गोल, गुळगुळीत, पिवळा रंग होता. रंगातून वीज जात नाही. बोल्टाच्या आट्यांतून जेमतेम काय जात असेल तेवढीच, आणि मशीन तापलं, हादरलं की तीही तुटत असणार. गार झालं की पुन्हा लागत असणार. दहा मिनिटांत.

पण मिस्त्री आता वीज कुठून जाते याचा विचार करत नव्हता. तो रंगाकडे बघत होता. हा पिवळा कंपनीचा नव्हता. कंपनीची छटा बाजारात मिळाली नाही म्हणून दोन डबे एकत्र करून, त्यात चिमूटभर तांबडा घालून, त्याने स्वतः हा रंग कालवला होता. दोन महिन्यांपूर्वी इथेच सांगाड्याला चीर गेली होती. त्याने वेल्डिंग केलं, घासून साफ केलं, सुरेख रंग दिला. आणि त्या सुरेख रंगावर अर्थ बसवून बोल्ट आवळला. घट्ट. शेडमध्ये नवा माणूस आला की त्याला तो हेच आधी शिकवायचा, रंग खरवडल्याशिवाय अर्थ लावायचा नाही.

त्याने पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत घासलं, वायर बसवली, बोल्ट आवळला. मशीन चालू केलं. अर्धा तास बूम वर-खाली, डावीकडे-उजवीकडे, पूर्ण जोराने. एकदाही बंद पडलं नाही. बायकोने पहिलं सॉफ्टवेअर लावून अकरा कोड पुसले. एकही परत आला नाही. ती खाली उतरून हसत म्हणाली, "सुटलो बाई एकदाचे! काय झालं होतं?"

मिस्त्री फडक्याला हात पुसत होता. पुसून झाले तरी पुसत होता. 'वायर गंजली होती', एवढं म्हटलं की झालं. कोणी बघितलेलं नाही. साडू सोमवारी कामावर, साहेब खूश, कोणाचं नुकसान नाही. खरंच नाही. आणि खरं सांगितलं तर? शेडमधलं निम्म्याहून जास्त काम या खाणीचं होतं. त्याने बायकोकडे बघितलं. तिला अजून काही माहीत नव्हतं. तिला सांगावं की नाही, हेही त्याला ठरवता येईना. तेवढ्यात साहेबांची गाडी आली.

"झालं का लेखी?"

"साहेब, मशीनचा दोष नाही," मिस्त्री म्हणाला.

"मी म्हटलंच होतं."

"ऑपरेटरचाही नाही. माझा आहे." आणि मग त्याने सगळं सांगितलं, रंग कालवण्यापासून. बायको ऐकत होती. तिने मधेच एकदा त्याच्या बाहीला हात लावला आणि काढून घेतला.

साहेब पुरते चक्रावले. "पण कॉम्प्युटर तर जमीन म्हणत होता."

"जमीन म्हणजे अर्थ, साहेब."

"कशाचा अर्थ?"

"वायरीचा."

"वायरीचा अर्थ जमीन? मग त्या जमिनीचा काय अर्थ?"

बायकोने पुढे होऊन नीट समजावलं. साहेबांनी दोनदा मान हलवली, कागदावर लिहून घेतलं, खाली मिस्त्रीची सही घेतली. मग सहीकडे बघत म्हणाले, "वायर गंजली म्हणाला असतात तर मला काही कळलं नसतं."

"नसतं कळलं."

"ऑपरेटरला बोलावून घ्या आत्ताच. राहिलं बाकीच्या मशीनचं काम, तर ते मी जरा दुसरीकडे बघतो. वाईट वाटून घेऊ नका."

"तुमचं बरोबर आहे," मिस्त्री म्हणाला. साहेब गेल्यावर तो मशीनच्या पट्ट्यावर बसला. बायको शेजारी येऊन बसली. तिने बहिणीला फोन केला. मग म्हणाली, "सॉफ्टवेअरचं काय करायचं? उद्या आठवडा संपतोय."

"नुसते आकडे देणारं ठेव. ते निदान अक्कल शिकवत नाही."

"ठरलं ना? नक्की?"

"हो. म्हणजे, मराठीवाल्याने जमीन तर बरोबरच सांगितली म्हणा. पण दुसऱ्या अंगाने बघितलं तर..."

"अहो!" ती म्हणाली.

साडू तासाभरात आला. मिस्त्रीने त्यालाही सगळं सांगितलं, काही हातचं राखलं नाही. "माझ्या हातून झालं, साडूभाऊ. तुमचा त्यात काडीचा दोष नव्हता." साडू रागावेल, निदान एखादा शब्द तरी बोलेल, असं त्याला वाटलं होतं. साडूने नुसती मान हलवली, केबिनमध्ये चढला, खुर्चीत बसला. किल्लीला त्याने हात लावला नाही.

"लावा ना," मिस्त्री खालून म्हणाला.

"काल मी घरी हिच्याजवळ कबूल केलं," साडू म्हणाला.

"काय कबूल केलं?"

"की मशीन मीच बंद करत होतो." तो समोरच्या काचेतून बघत होता. "तुम्ही विचारून गेलात ना, तेव्हापासून मी आठवायला लागलो. आठवता आठवता आठवलंसुद्धा. मशीन भरावावर कललं, मी घाबरलो, किल्ली फिरवली. अगदी डोळ्यांसमोर दिसत होतं. आता तुम्ही म्हणता तसं काही झालंच नाही. मग मला आठवतंय ते काय आहे?"

मिस्त्री पट्ट्यावर चढला, केबिनच्या दारातून हात घालून त्याने स्वतः किल्ली फिरवली. इंजिन लागलं. साडूने दोन्ही दांड्यांवर हात ठेवले, तेही मिस्त्रीने "ठेवा" म्हटल्यावर. बूम वीतभर वर गेला आणि थांबला. पण इंजिन चालूच होतं. साडूनेच दांडा सोडला होता.

"आत्ता मीच थांबवलं ना?" साडूने विचारलं.

"हो, तुम्हीच."

"नक्की?"

"नक्की," मिस्त्री म्हणाला, आणि खाली न उतरता दाराची कड धरून तिथेच उभा राहिला.